आशाताई, तुम्ही आधी साबण मागितलात

आशाताई,

स. न. वि. वि. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "वहिनी, त्यात काय एवढं" म्हणता आणि हातात ओआरएसची पाकिटं ठेवून पुढच्या घराकडे वळता. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहितेय.

त्या सोमवारी तुम्ही आमच्याकडे आलात त्या डासांच्या अळ्या शोधायला. हौदात बॅटरी मारायची म्हणून आमचं आठ वर्षांचं पोरगं तुमच्या मागेमागे फिरत होतं. मला दोन दिवसांत दिसलं नाही ते तुम्हाला पाच मिनिटांत दिसलं. एवढ्या उकाड्यात हा फुल पँट घालून का फिरतोय, आणि पायरी उतरताना डावा पाय का ओढतोय? पँट वर केलीत तर पोटरीवर दातांच्या दोन खुणा, त्यावर वाळलेली हळद. शनिवारी शाळा सुटल्यावर ओढ्याच्या पुलाजवळ कुत्रं चावलेलं, आणि सोमवार उजाडला तरी घरात कुणाला पत्ता नाही.

माझा हात उठलाच होता. तुम्ही म्हणालात, "आधी साबण आणा वहिनी, मारायचं मग बघू."

कपड्याचा साबण चालेल म्हणालात. बोअरची मोटार चालू करायला लावलीत आणि पाइपच्या धारेखाली त्याचा पाय धरून बसलात, मोबाइलवर घड्याळ लावून, पूर्ण १५ मिनिटं. मला ते नाटकच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस झाल्यावर धुऊन काय उपयोग? तुम्ही धुता धुता सांगितलंत की रेबीजच्या विषाणूला वरून चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं, आणि उशीर झाला म्हणून धुवायचं टाळायचं नसतं. सासूबाई चुन्याची डबी घेऊन आल्या, तर ती तुम्ही इतक्या गोडीने काढून घेतलीत की त्यांना रागही आला नाही. चुना, तिखट, हळद यांनी जखम चिघळते आणि विषाणू काही धुऊन जात नाही, हे त्यांना पटलं की नाही देव जाणे. पण डबी परत कनवटीला गेली.

मग तुम्ही त्याच्यासमोर उकिडव्या बसून विचारलंत, "सांगितलं का नाहीस रे?" तो रडतच म्हणाला, "पोटात चौदा इंजेक्शनं देतात."

आमचे अण्णा तिथेच खाटेवर होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. बेंबीभोवती रोज एक सुई, पोट सुजून दगडासारखं झालेलं, आणि तालुक्याला सायकलवरून डबलसीट. ही गोष्ट अण्णा इतकी रंगवून सांगतात की घरातली तीन पोरं ती ऐकत मोठी झाली. कुत्र्यापासून लांब राहावं म्हणून सांगायचे बिचारे. पोरगं घाबरलं ते सुईला.

रक्त आलं होतं का, एवढंच तुम्ही नेमकं विचारलंत. आलं होतं. मग नुसती लस पुरत नाही, सिरम, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार ताकद असलेलं इंजेक्शन, लागणार, म्हणालात. आपल्या आरोग्य केंद्रात लस आहे, पण सिरम तालुक्याच्या दवाखान्यात. तिथे आहे का, हे आम्ही निघायच्या आधी फोन करून विचारलंत, म्हणून आमचा हेलपाटा वाचला. आणि निघता निघता अजून एक प्रश्न, जो मला सात जन्मांत सुचला नसता: "तुझ्याबरोबर अजून कोण होतं?" मळ्यातल्या वस्तीवरचा त्याचा मित्र निघाला. त्याला नुसतं खरचटलं होतं, रक्त नाही. त्याला सिरम लागलं नाही, पण लस लागलीच. त्याच्या आईलाही तोवर काही माहीत नव्हतं.

तालुक्याला डॉक्टरांनी आधी पोराचं वजन केलं. २२ किलो. किलोला ४० युनिट, असा सिरमचा हिशोब. सुई थेट जखमेत आणि तिच्या कडेने गेली तेव्हा त्याने जो टाहो फोडला तो मला अजून ऐकू येतो. डॉक्टर म्हणाले, लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तेवढे दिवस हे तयार सिरम विषाणूला जखमेपाशीच अडवतं. तो एकदा नसेतून मेंदूपर्यंत गेला आणि लक्षणं सुरू झाली की मग हातात काही राहत नाही.

लस मात्र दोन्ही दंडांवर, कातडीत, मसुरीएवढा फुगा येईल इतकीच. पोराला सुयांपेक्षा पहिल्या डोसचा दिवस 'शून्यावा' कसा, याचंच कोडं पडलेलं. शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. अण्णांनी बोटांवर मोजलं, चार खेपा, आठ टोचण्या, आणि पोटात एकही नाही. त्यांना जरा फसवल्यासारखंच वाटलं. त्यांची ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, कसौलीला १९११ साली निघालेली पद्धत, आणि २००४ च्या अखेरीस ती आपल्या देशात बंद झाली, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प होते.

ते कुत्रं पुन्हा कुणाला दिसलं नाही. दहा दिवस नजरेसमोर धडधाकट राहिलं असतं तर चावलं तेव्हा ते पिसाळलेलं नव्हतं असं कळून जिवाला जरा स्वस्थता आली असती. तुम्ही पुलापासून पोल्ट्रीपर्यंत विचारत गेलात, तरी मेलं की कुणी हुसकावलं ते कळलं नाही.

आणि अठ्ठाविसावा दिवस. श्रावणातला सोमवार, घरात उपासाचं, रानात भांगलणीला बायका आलेल्या. जखम तर कधीच भरून आलेली. मी मनात ठरवलं होतं की तीन झाले, बास. सकाळी आठलाच तुम्ही दारात. "वहिनी, आज चौथा." मी म्हटलं, या कामाचे तुम्हाला काही मिळतात का हो? तुम्ही हसलात आणि वहीचं पान उलटलंत. बायकांना चहा मी द्यायला हवा होता, तो तुम्ही केलात, आणि मी पोराला घेऊन एसटी पकडली.

अण्णांनी आता गोष्ट बदललीय. पारावर पोरं जमली की सायकल, पिसाळलेलं कुत्रं, पोट, सगळं तसंच येतं. मग थांबतात, नातवाला पुढे ओढतात आणि त्याचे दंड दाखवतात. चावलेलं लपवलंत तर मात्र आशाताईला सांगेन, असा वर दमही देतात.

ताई, त्या दिवशी आमच्या हौदात अळ्या सापडल्या होत्या, ते गडबडीत राहूनच गेलं. हौद अजून घासलेला नाही. या शनिवारी घासते, मग या.

तुमची,
हौदवाली वहिनी