मागची जागा ‘पडीक’ नाही: सुशोभीकरणाच्या ठरावाबाबत पत्र

दिनांक: १३ मे २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
सीवूड्स, नवी मुंबई

विषय: ‘मागील पडीक जागेचे सुशोभीकरण’ या सर्क्युलरचा फेरविचार करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी लिफ्टशेजारच्या बोर्डावर सर्क्युलर लागले. ५ जूनला मागच्या कुंपणापलीकडे शंभर झाडे लावायची, त्याआधी जेसीबीने झुडपे काढायची, कडेने पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक करायचा आणि तळ्याच्या दिशेने एलईडी फ्लडलाइट बसवायचे, असे त्यात आहे. हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. झाडे लावायला विरोध करणारी बाई म्हणून बी विंगमध्ये माझे नाव आधीच झाले आहे. तरीही लिहिते, कारण सर्क्युलरमधला ‘पडीक’ हाच शब्द मला चुकीचा वाटतो.

गेटवर मासळी घेऊन बसणाऱ्या मावशींना मी हे सर्क्युलर वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “बाय, पडीक नको बोलू. ते खाजन हाय.” खाजन म्हणजे भरतीचे पाणी शिरणारी खारी जमीन. इमारती यायच्या आधी इथे खाऱ्या पाण्याची बांदिस्ती, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली जागा, होती. भरतीचे पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला उघाडी होती. आज उघाडीच्या जागी सर्व्हिस रोडखालचा तो एकुलता एक सिमेंटचा पाइप उरला आहे. मागचे तळे, तिवरांची (खारफुटीच्या झाडांची) रांग, आपली भिंत आणि तिवरे यांच्यामधला रुई-घाणेरीचा पट्टा, या सगळ्याचा जीव त्या पाइपात आहे.

काल बुद्धपौर्णिमा होती, म्हणजे उधाण. दुपारी साडेबारा-एकच्या भरतीला मी गच्चीवर जाऊन बसले (उन्हात बसल्याबद्दल घरी बोलणी खाल्ली, ते असो). खाडीकडून पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत नीट आले आणि तिथेच थांबले. अलीकडे तळ्यात मधोमध टीचभर पाणी, बाकी चिखलाला भेगा. संध्याकाळी खाली उतरून तोंडाशी काय अडकले आहे ते पाहिले. नारळाच्या झावळ्या, कापलेली मेंदी, निर्माल्याच्या पिशव्या आणि टाइल्सचे डेब्रिज. अध्यक्षसाहेब, ही मेंदी आपल्या बागेतलीच. माळी दर सोमवारी कापलेले गवत-फांद्या भिंतीवरून पलीकडे टाकतो आणि आपण कोणी त्याला कधी अडवलेले नाही. मीही नाही. टाइल्स कोणाच्या घरातल्या, ते शोधण्यात अर्थ नाही. गेल्या दोन वर्षांत किती फ्लॅटचे काम निघाले ते आपण जाणताच.

पाण्याचा एवढा आग्रह का, ते सांगते. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, तिथे चरतात. भरती चढली की तो चिखल बुडतो. मग थव्यांना पुढचे काही तास टेकायला उथळ पाणी लागते आणि ते डीपीएस शाळेमागचे तळे, एनआरआय वसाहत आणि टी. एस. चाणक्य संस्था यांच्याजवळच्या पाणथळींवर येतात. खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही गेली. पण अभयारण्याची हद्द नकाशावर आखलेली आहे आणि पक्षी दिवसातून दोनदा ती ओलांडून आपल्याकडे येतात. हद्दीबाहेरच्या तळ्यांत पाणी नसेल तर हद्दीतल्या संरक्षणाचा त्यांना अर्धाच उपयोग.

हे कसे बिघडते ते आपण शेजारीच पाहिले आहे. भरतीचा मार्ग अडल्यामुळे डीपीएसचे तळे २०२४ च्या उन्हाळ्यात आटले, रोहित मेले, बातम्या झाल्या. आसपासचे रहिवासी आणि पर्यावरणवाले लोक मागे लागले म्हणून पाणी पुन्हा येऊ लागले. गेल्याच महिन्यात राज्य वन्यजीव मंडळाने त्या सुमारे ३० एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. आपले तळे त्याच्या तुलनेत डबके आहे, मान्य. त्याला कोणी राखीव करणार नाही. म्हणूनच ते आपल्यावर आहे.

आता झाडांचे. एप्रिलमध्ये त्या मोकळ्या पट्ट्यात टिटवीची चार अंडी होती, घरटे कसले, चार खडे बाजूला सारून केलेला खळगा. जवळ गेल्याशिवाय दगड आणि अंडे यांत फरक कळत नाही. सी विंगमधून रात्रीच्या ‘टिटिव्-टिटिव्’बद्दल तक्रार आली होती, ती याच जोडीची. पावसाळा तोंडावर असताना तिथे जेसीबी फिरला तर नंतरची वीणही जाईल. शेकाट्या, टिटव्या, तुतवार यांना मोकळी जमीनच हवी असते. चहूबाजूंनी दिसले पाहिजे, शत्रू लांबून कळला पाहिजे. तिथे शंभर झाडे उभी केली म्हणजे कावळ्यांना अंड्यांवर नजर ठेवायला शंभर जागा करून दिल्या. शिवाय खाऱ्या मातीत गुलमोहरासारखी झाडे तग धरणार नाहीत आणि पुढच्या जूनमध्ये वाळलेल्या काठ्यांशेजारी पुन्हा फोटो काढावे लागतील. झाडे लावायचीच तर पुढच्या पार्किंगमध्ये लावू. तिथे दुपारी गाडीचे स्टिअरिंग धरवत नाही. तामण, करंज, बहावा. खड्डे खणायला मी येते.

ट्रॅक आणि दिव्यांवर थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार कांदळवनापासून, म्हणजे तिवरांच्या जंगलापासून, ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे. मी पावलांनी मोजले: भिंतीपासून पहिले तिवर तीस पावलांवर आहे. उद्या कोणी तक्रार केली तर नोटीस कार्यकारिणीच्या नावाने येईल. दिव्यांचे म्हणाल, तर सुरक्षेसाठी ते हवेत, पण तोंड आपल्या आवाराकडे आणि खाली हवे. रात्रीच्या भरतीलाही पक्षी उतरतात. गेल्या मे महिन्यात घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास रोहित मेले. त्या रात्री थवा नेमका का उडाला हे सांगणे कठीण, पण आपण रात्री त्यांना उठवून लावायचे कारण नाही.

सभेत डासांचा मुद्दा निघणार, म्हणून आधीच सांगते. डास वाढतात ते साचलेल्या, कुजलेल्या पाण्यात. भरती-ओहोटी खेळती असली की पाणी बदलते, सोबत लहान मासे येतात आणि अळ्या खातात. पाइप तुंबल्यापासूनच आपल्याकडे फॉगिंगची मागणी वाढली आहे, हे सचिवांनी जुन्या तक्रारी चाळून पाहावे. कोल्ह्याचाही विषय निघेल. तिवरांत कोल्हे आधीपासून आहेत. भिंतीपलीकडे खरकटे टाकणे थांबले की ते भिंतीपर्यंत येणार नाहीत. आणि आणखी एक मुद्दा, पावसाचा: हे शहर बऱ्याच ठिकाणी भरतीच्या पातळीखाली वसवले आहे, म्हणून तर नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जागोजागी धारण तलाव ठेवले. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला थांबायला जागा लागते. मागचे तळे भरले गेले तर ते पाणी आपल्या बेसमेंटमध्ये थांबेल.

माझे मागणे एवढेच. ५ जूनचा कार्यक्रम रद्द नको, फक्त मागून पुढे आणावा. सुशोभीकरणाच्या पैशातून बागेच्या कचऱ्यासाठी दोन खतकुंड्या घ्याव्यात, म्हणजे माळ्याला भिंत लागणार नाही. पाइपाच्या तोंडाच्या सफाईसाठी सिडको आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्यावे. मसुदा मी केला आहे, सोबत जोडते. माझ्या एकटीच्या अर्जाला पोच मिळते, एकशे बारा कुटुंबांच्या पत्राला उत्तर मिळेल. आत यंत्र नको. परवानगी आल्यावर हाताने करायचे काम आहे आणि मावशींच्या घरचे दोघे वाट दाखवायला तयार आहेत.

आपल्याला हे पटेल असे मला वाटते, त्याला कारण आहे. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारे रोहितांचे फोटो आपण याच तळ्यावर काढता. यंदा मार्चनंतर एकही आला नाही.

भिंतीच्या आतल्या बाजूचा कचरा उचलायला परवानगी लागत नाही. येत्या रविवारी, १८ तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी असेल. मी सात वाजता मागच्या गेटपाशी असेन, आतापर्यंत नऊ जणांनी येतो म्हटले आहे. गेटच्या कुलपाची किल्ली वॉचमनकडे नाही, ती ऑफिसच्या कपाटात आहे. तेवढी शनिवारी काढून ठेवायला सांगावे.

आपली,
एक सभासद, बी विंग

सोबत: सिडको व कांदळवन कक्षाला द्यायच्या पत्राचा मसुदा, कालच्या भरतीच्या वेळचे चार फोटो
प्रत: मा. सचिव, मा. खजिनदार