सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांतली ती माणसं

आईच्या डाव्या स्तनातली गाठ दुखत नव्हती, म्हणून तिनं चार महिने घरात कुणाला सांगितलंच नाही. कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखत नाही, हे आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते तपासणीच्या रांगेतल्या एका मावशींनी. त्यांची स्वतःची गाठ साधी निघाली होती (बहुतेक साध्याच निघतात म्हणे). तरी आईची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) होईपर्यंत त्या थांबल्या. नाव विचारायचं राहून गेलं.

सुईच्या तपासणीला मात्र आई तयार होईना. सुई टोचली की गाठ पसरते, हे आमच्या गल्लीनं ठरवूनच टाकलेलं! सिस्टर, तुम्ही चिडला नाहीत. जागा बधिर करून जाड सुईनं छोटा तुकडा काढतात, गाठ कसली आणि तिला कुठलं औषध लागू पडेल हे त्यावरूनच कळतं, हे तुम्ही तिला तीनदा समजावलंत. तिसऱ्यांदा तिनं मान हलवली.

निदान कॅन्सरचंच झालं. पण गाठ लहान होती, स्तन काढावा लागला नाही. नंतर 15 दिवस शेक (किरणोपचार) होते, नेमके गड्ड्याच्या गर्दीत. रिक्षावाले काका, होम मैदानाला वळसा घालून तुम्ही रोज वेळेवर पोचवलंत आणि त्या वळशाचे पैसे एकदाही घेतले नाहीत.

आता रोज एक गोळी आहे, 5 वर्षं. मावशी, आईनं तुमच्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवलीय. कुठं राहता तेवढं कळवा.