हानलेहून

हानले, लडाख
पहाटेचे पाच

प्रिय बंड्या,

परवा फोनवर विचारलंस, ‘एवढ्या थंडीत रात्रभर बसून तुला दिसतं तरी काय?’ तेवढ्यात रेंज गेली.

खरं सांगू? ज्याच्यासाठी जागतो ते दिसतच नाही. अवकाशातून आलेला गॅमा किरण हवेत शिरला की संपला. त्यातून कणांची सर सुटते आणि निळसर चमक उठते, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती. ती टिपायला आमची मेस दुर्बीण: भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली, २१ मीटर व्यासाची, छोट्या आरशांची गोधडीच म्हण ना. वर घुमट नाही, उघड्यावर उभी. चंद्र आमचा वैरी, त्यामुळे सगळी धांदल अमावास्येच्या आगेमागे.

काल मार्केरियन ४२१ वर होतो. सप्तर्षींच्या तारकासमूहातली दीर्घिका, सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षं लांब. तिच्या कृष्णविवराजवळून निघालेला जेट, म्हणजे कणांचा झोत, जवळजवळ आपल्याच रोखाने येतो. अशांना ब्लेझार म्हणतात. १९९२ साली अमेरिकेतल्या व्हिपल दुर्बिणीने तिचे अतिऊर्जावान किरण पकडले. आपल्या आकाशगंगेबाहेरून असं काही येतं हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण मला वेड लावलंय दुसरीनेच. पीकेएस २१५५-३०४, हीही ब्लेझारच. जुलै २००६ मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींना ती तीन-चार मिनिटांत दुप्पट तेजस्वी होताना दिसली. आता तू हिशेबनीस माणूस, गणित बघ. अब्ज सूर्यांएवढ्या वजनाच्या कृष्णविवराची त्रिज्या ३०० कोटी किलोमीटर. ती ओलांडायला प्रकाशालाच पावणेतीन तास लागतात. मग एवढं धूड मिनिटांत कसं लुकलुकेल? उत्तर असं देतात की, जेटमधला ऐवज जवळपास प्रकाशाच्या वेगाने आपल्याकडे झेपावतोय, म्हणून तिथले तास इथे मिनिटांत आवळले जातात. ठीक. पण त्याला जेवढा वेग लागतो तेवढा रेडिओ दुर्बिणींना या जेटमध्ये सापडत नाही. कुणी म्हणतं, जेटच्या आत आणखी वेगवान लहान गोळे असतील. मला हे जरा ठिगळ वाटतं, पण याहून बरं मला तरी सुचलेलं नाही.

काल मार्केरियन गप्पच होती. तीनला ढग आले आणि कारभार आटोपला. थर्मासमधला चहाही गार. इथे पाणी लवकर उकळतं, पण कुकरशिवाय भात काही शिजत नाही. काकूंच्या हातचं मेतकूट पाठव रे, डबा मोठा दे. मागच्या वेळी शिफ्टवाल्यांनी दोन दिवसांत फस्त केलं.

तुझा,
बाळ्या