आजारी मुलाची हजेरी कोणत्या रकान्यात लिहू?

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य

विषय : साथीचे आजार आणि ७५ टक्के हजेरीची अट

सविनय नमस्कार.

मी २३ वर्षं महाविद्यालयात शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं सत्राच्या शेवटी डिफॉल्टर यादी लावायचं काम माझ्याकडे आहे. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेलेल्यांची नावं नोटीस बोर्डावर लागतात. मग पालकांना बोलावणं, अंडरटेकिंग, विनवण्या, कधी हॉल तिकीट अडवून ठेवणं. हे काम कुणालाच आवडत नाही, पण अट मला मान्य आहे हे आधीच सांगून टाकते. सहा मुलांपुढे तासभर बोलून ज्याचा घसा बसला आहे, त्याला ती का आहे हे समजावून सांगावं लागत नाही. माझं म्हणणं त्या अटीच्या एका कोपऱ्यापुरतं आहे.

फेब्रुवारी २०२२ मधली गोष्ट. ओमायक्रॉनमुळे जानेवारीत बंद झालेली कॉलेजं नुकतीच उघडली होती. प्रॅक्टिकलला एक मुलगा शेवटच्या टेबलाशी उभा होता. मास्क पार डोळ्यांपर्यंत, बाहेर ऊन आणि अंगात स्वेटर. जवळ गेले तर अंग तापलेलं कळत होतं. घरी जा म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, माझे एकाहत्तरच भरतायत."

मी त्याला घरी पाठवलं आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'अ' लिहिलं. दुसरं काही लिहायला रकानाच नव्हता. पुढच्या आठवड्यात त्या टेबलावरच्या दोघी आल्या नाहीत. त्याच्यामुळेच असं म्हणता येणार नाही, तेव्हा ताप घरोघरी होता. पण तो मुलगा कॉलेजला का आला होता, हे मला पक्कं माहीत आहे. माझ्या यादीला घाबरून आला होता.

आता मागे जाऊ. २९ एप्रिल २०२० ला विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलं होतं की टाळेबंदीचा काळ सर्व विद्यार्थ्यांची हजेरी लागली असं समजून धरावा. अगदी योग्य होतं ते. पण जग बंद होतं तेव्हा घरी बसलेले सगळे हजर, आणि जग उघडल्यावर दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून घरी थांबलेला एकटा मुलगा गैरहजर, हा हिशेब कसा जुळवायचा? पहिल्याला घरी राहण्यावाचून पर्याय नव्हता. दुसरा शहाणपणाने राहिला, आणि दंड त्यालाच.

"२५ टक्के सवलत आहेच की," असं म्हणतात. मांडून पाहू. आठवड्याला ४ तास, १५ आठवडे, म्हणजे एका विषयाचे ६० तास. ४५ ला बसलंच पाहिजे, १५ हाताशी. १४ दिवस घरी राहिलं की त्यातले ८ गेले. मग खोलीतल्या सोबत्याला लागण झाली म्हणून पुन्हा १४ दिवस, आणखी ८. झाले १६. हा मुलगा एकदाही सिनेमाला गेलेला नाही आणि डिफॉल्टर आहे. शिवाय ती २५ टक्के सवलत खेड्यावरून येणाऱ्या मुलांची आधीच खर्च झालेली असते. २०२१ मध्ये कॉलेजं उघडली आणि काही दिवसांतच एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. दोन-दोन वाहनं बदलून येणारी माझी मुलं पहिला तास कधीच गाठू शकली नाहीत.

ते उघडणंही आठवा. २० ऑक्टोबर २०२१ पासून दोन डोस झालेल्यांनी यावं, असा निर्णय झाला. हेतूवर माझा आक्षेप नाही. पण कोविशील्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचं अंतर सरकारनेच ठरवलेलं होतं. १ ऑगस्टला पहिला डोस मिळालेल्या मुलाला दुसरा २४ ऑक्टोबरच्या आधी मिळूच शकत नव्हता. आणि १८ च्या आतल्यांचं काय? १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झालं. प्रथम वर्षात सतरा वर्षांची मुलं असतात, ती लस आणणार कुठून? आमच्याकडे अशांसाठी ऑनलाइन तास होते, पण टायट्रेशनसारखा रसायनशास्त्राचा प्रयोग ऑनलाइन होत नाही. त्या प्रॅक्टिकलच्या हजेरीवरून पुढे झालेले वाद मी मिटवले आहेत, म्हणून एवढं नेमकं आठवतं.

कागदांचा छळ तर विचारू नका. बरा होऊन आलेल्या मुलाकडे आमच्या कार्यालयाने निगेटिव्ह रिपोर्ट मागितला. केंद्राचं मे २०२० पासूनचं धोरण होतं की सौम्य आजारात १० दिवस झाले आणि शेवटचे ३ दिवस ताप नसला, तर पुन्हा चाचणीची गरज नाही. जानेवारी २०२२ मध्ये घरी राहण्याची मुदत ७ दिवसांवर आली. आरटी-पीसीआर तर संसर्ग पसरण्याची शक्यता संपल्यावरही कित्येक दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. तेव्हा डॉक्टर 'जा' म्हणत होते आणि क्लार्क 'थांब'. फाटकावर ताप मोजायचं पिस्तूल घेऊन शिपाई बसायचे, त्यांची हेटाळणी मला करायची नाही, पण पॅरासिटामॉल घेऊन आलेल्या मुलाचं कपाळ त्या यंत्राला थंडच लागतं. त्यापेक्षा वर्गाच्या गंजलेल्या खिडक्या उघडून घेतल्या असत्या तर अधिक फायदा झाला असता. आमच्या मजल्यावर आजही तीन उघडत नाहीत.

पण मेडिकल सर्टिफिकेटबद्दल थोडं जास्त बोलते, कारण सगळा आक्षेप तिथेच येऊन अडतो. अट सैल केली तर मुलं खोटं बोलतील, असं माझे सहकारीही म्हणतात. बोलतील ना. आत्ताही बोलतात. शिक्क्याची शाई वाळलेली नाही आणि तारीख मात्र महिन्यापूर्वीची, अशी सर्टिफिकेटं मी ढिगाने पाहिली आहेत. ज्याला खोटं बोलायचं आहे त्याला कागद मिळतोच. ज्याला खरंच ताप आहे त्याला मात्र अंथरुणातून उठून दवाखान्यातल्या गर्दीत बसावं लागतं, तेही औषधासाठी नव्हे, शिक्क्यासाठी. साथीत तर ही मागणी धोक्याचीच.

आणखी एक माणूस या नियमात कुणी धरतच नाही, तो म्हणजे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. आमच्या विभागातले असे सहकारी तापात येऊन शिकवताना मी पाहिले आहेत, आणि त्यांना 'घरी जा' म्हणायची माझी हिंमत झालेली नाही. विद्यार्थ्याला हजेरीची भीती, शिक्षकाला महिनाअखेरची. एका खोलीत दोघं खोकत बसतात आणि हजेरीपट मात्र भरलेला दिसतो.

ही बाब विद्यापीठांच्या अखत्यारीतली आहे, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. पण कॉलेज कधी उघडायचं आणि किती डोस झालेल्यांना आत घ्यायचं, हे तेव्हा शासनानेच सांगितलं होतं. तेव्हा ज्या अधिकाराने सांगितलं, त्याच अधिकाराने विद्यापीठांना एक साधं पत्र धाडता येईल. संसर्गजन्य आजाराचे दिवस गैरहजेरीत धरून मग माफ करू नयेत, ते मुळात भागाकारातच घेऊ नयेत. माफी म्हटली की ती मागावी लागते, आणि ज्याला मागता येत नाही तो राहून जातो. एका आठवड्यापर्यंत विद्यार्थ्याने स्वतः लिहून दिलेलं पुरावं, त्यापुढे हवं तर डॉक्टरांचा कागद मागा. चुकलेलं प्रॅक्टिकल त्याच सत्रात पुन्हा करायला मिळावं. प्रयोगशाळा शनिवारी दुपारी रिकामीच असते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना आजारपणाच्या काही दिवसांचं मानधन मिळावं. यातली शेवटची गोष्ट वित्त विभागात अडकणार, ठाऊक आहे. तरी लिहून ठेवते.

कोविड संपला, आता हे कशाला, असंही कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आणि त्याच पावसाळ्यात राज्यात डोळ्यांची साथ आली. काळे चष्मे लावलेली मुलं माझ्यासमोर बसलेली होती. कारण तेच, यादी.

या सत्राची यादी महिनाअखेर लावायची आहे. तिच्यात एक मुलगी आहे, ६० पैकी ४४ तास हजर, म्हणजे ७३ टक्के. तिला कांजिण्या झाल्या होत्या. फोड सुकून खपल्या धरेपर्यंत वर्गात येऊ नकोस, असं तिला मीच फोनवर सांगितलं होतं. त्यात तिचे ८ तास बुडाले. ते वजा केले तर ५२ पैकी ४४, म्हणजे ८४ च्या वर. नाव लावायचं की नाही, तेवढं यादीच्या आधी कळवावं.

आपली नम्र,
हजेरीपट सांभाळणारी एक प्राध्यापिका