नायगारा राहू दे, न्यू ऑर्लिन्सला चल

ह्यूस्टन,
मकर संक्रांत

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तिळगूळ घे, गोड बोल. तुम्हा दोघांचा व्हिसा झाला, मार्चमध्ये पिंकीकडे येताय, हे कळल्यापासून आमच्या घरात सणच चालू आहे. हिने तर वहिनींसाठी काय काय करायचं त्याची यादीही काढली. पण परवा फोनवर तू म्हणालास, "सगळे करतात तेच करू, न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन." ते मला काही रुचलं नाही. लाइन खराब होती आणि मला सांगायचं होतं ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

नायगारा बघ, जरूर बघ. पण त्यातले चार दिवस काढून माझ्याबरोबर न्यू ऑर्लिन्सला, जाझ संगीताच्या गावाला चल. पिंकीच्या दारातून गाडी काढली की साडेपाचशे किलोमीटर, सहा तासांचा रस्ता. वाटेत अचाफलाया नावाची मोठी दलदल लागते, तिच्यावरून एकोणतीस किलोमीटरचा पूल आहे. दोन्ही बाजूंना पाण्यात उभी झाडं, त्यांच्यावर बगळे. तिथून पुढे हवाच बदलते. दमट, कोकणासारखी.

मी ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. जे पाहिलं ते सांगतो, म्हणजे मी एवढा मागे का लागलोय ते तुला कळेल.

शहरात ट्रेमे नावाची जुनी वस्ती आहे, काळ्या लोकांची. शनिवारी सकाळी आम्ही तिथून चालत होतो, तर एका चर्चबाहेर गर्दी दिसली. काळे कपडे, बायकांच्या डोक्यावर टोप्या, आणि रस्त्यात दहाबारा वाजंत्री उभे. कुणीतरी वारलं होतं. आपण परके म्हणून आम्ही लांब थांबलो, तर एका बाईने हातानेच खूण केली, या, चला बरोबर. पेटी बाहेर आली. सगळ्यात पुढे एक उंच म्हातारा, छातीवरून आडवा पट्टा, काढलेली हॅट छातीशी धरलेली. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मग दुसरं. मागे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सगळे इतक्या संथ लयीत की श्वास धरून ऐकावं. ताशासारखा त्यांचा एक ड्रम असतो, त्याच्या खालच्या बाजूला तारा असतात म्हणून तो झणझणतो. अशा वेळी त्या तारा ढिल्या करतात, पूर्वी तिथे रुमाल कोंबायचे. मग त्याचा आवाज नुसता ठप्प ठप्प येतो, बसलेल्या गळ्यासारखा.

दत्ता, मला आण्णांची अंत्ययात्रा डोळ्यांसमोर आली. मला येता आलं नाही, मी इथे फोनच्या पडद्यावर बघत होतो. तू मडकं धरून पुढे, मागे अख्खं भजनी मंडळ, टाळ, आणि तुझा पखवाज दुसऱ्याच्या गळ्यात. कृष्णाघाटापर्यंत 'रामकृष्ण हरी' थांबलं नाही. मग सगळे गप्प परत आले. आपली रीतच ती.

त्या लोकांची रीत पुढे वेगळी आहे. एका वळणावर गर्दी दुभंगली, दोन्ही बाजूंना लोक उभे राहिले आणि मधून पेटीची गाडी सावकाश निघून गेली. याला ते देहाला मोकळं करणं म्हणतात. गाडी दिसेनाशी झाली आणि एका ट्रम्पेटवाल्याने आकाशाकडे तोंड करून चार सूर काढले. तारा ताणल्या गेल्या, ड्रम कडाडला, आणि अख्खी गल्ली नाचायला लागली! म्हातारे, पोरं, मयताची माणसंसुद्धा. माझ्या शेजारच्या बाईने ज्या रुमालाने डोळे पुसले होते, तोच उंच धरून ती फिरवत होती. घरच्यांच्या आणि बँडच्या रांगेला पहिली ओळ म्हणतात, मागून नाचत येणाऱ्यांना दुसरी ओळ. दुसऱ्या ओळीत कुणीही येऊ शकतं. आम्हीही आलो.

वहिनी हिला म्हणाल्या, आण्णा गेल्यापासून पखवाजाची खोळ निघालेली नाही. तू मला ते सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. पण त्या गल्लीत उभा असताना मला सारखं वाटत होतं, हे दत्ताने ऐकायला पाहिजे होतं.

आता तुझ्या कामाचं. त्यांच्या मोठ्या ढोलाचा माणूस मी जवळून पाहिला, हातभर अंतरावरून. ढोल गळ्यात, पट्टा जुना, जागोजागी चिकटपट्टी लावलेला. ढोलाच्या वरच्या कडेला एक झांज आडवी बसवलेली. उजव्या हातात गुंडाळलेला टोला, आणि डाव्या हातात चक्क स्क्रूड्रायव्हर, त्याने झांज वाजवतो. तिथे सगळेच तसं करतात, कुणी कपड्यांच्या हँगरची तार वाकवून घेतं. एकटा माणूस ढोल आणि झांज दोन्ही सांभाळून चालतो. आणि ठेका असा: आठ मात्रा मोज, आपल्या भजनीसारख्या. आपण पहिलीवर सम धरतो. हे आठवीवर जोर टाकतात. त्यामुळे प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी पाय आपोआप उचलला जातो. मी तोंडाने सांगून तुला पटणार नाही, तू दोन आवर्तनांत पकडशील.

हा ठेका तिथेच का राहिला, त्याला कारण आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत इतर ठिकाणी गुलामांना ढोल वाजवायला बंदी होती. साउथ कॅरोलायनात गुलामांचं बंड झाल्यावर 1740 मध्ये तसा कायदाच केला, कारण ढोलाच्या आवाजावर माणसं जमतात याची मालकांना भीती. न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी 1718 मध्ये वसवलं. तिथे रविवारची सुट्टी मिळायची आणि गावाबाहेरच्या एका मैदानात आफ्रिकेतून आणलेली माणसं जमून वाजवायची, नाचायची, आपला माल विकायची, खरेदी करायची. 1817 मध्ये शहराने फर्मान काढून त्यांना तेवढ्या एकाच जागेपुरतं बांधून टाकलं. पण जागा राहिली, ठेका राहिला. ते काँगो स्क्वेअर आजही आहे, ट्रेमेला लागूनच, लुई आर्मस्ट्राँगच्या नावाच्या बागेत. गोल गोल फरसबंदी आणि भोवती जुनी ओकची झाडं. मी संध्याकाळी तिथे चप्पल काढून उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं, पण काढावीशी वाटली.

आर्मस्ट्राँग या शहरातलाच, 1901 सालचा जन्म. पोरपणी सुधारगृहात टाकलं, तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट शिकला. आज विमानतळाला त्याचं नाव आहे. आणि याच शहरात होमर प्लेसी नावाचा माणूस 1892 मध्ये रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून पकडला गेला. त्याच खटल्यात 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले, आणि त्याच आधारावर वेगळ्या शाळाही चालल्या. विमा कंपन्या काळ्या माणसांना दारात उभं करत नसत, म्हणून त्यांनी आपापल्या मंडळ्या काढल्या, महिन्याला थोडे पैसे जमवायचे आणि त्यातून आजाऱ्याचं औषध, मेलेल्याचं मयत बँडसकट करायचं. आपली भिशी आणि भजनी मंडळ एकत्र केलं तर जे होईल, ते. त्या मंडळ्या आजही टिकून आहेत, आणि कडक उन्हाळा सोडला तर जवळपास दर रविवारी त्यांच्यापैकी कुणाची तरी मिरवणूक असते. मयत दिसेल का, हे आपल्या हातात नाही आणि तसं इच्छूही नये. रविवारची मिरवणूक मात्र नक्की मिळेल. चार तास चालायची तयारी ठेव. वारीला चालणाऱ्याला मी हे काय सांगतोय!

रात्री मी तुला प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये नेणार. 1961 मध्ये सुरू झालेली जागा. आपल्या दर्ग्याच्या उरुसात जमिनीवर बसून गाणं ऐकलेल्या मिरजकराला ती लगेच आपली वाटेल. लहानशी खोली, भिंतींचे पोपडे निघालेले, थोडी बाकं, पुढे उश्यांवर मांडी घालून बसायचं. माइक नाही. दारू विकत नाहीत. वाजवणारा श्वास घेतो तोही ऐकू येतो. बर्बन स्ट्रीट म्हणून जो प्रसिद्ध रस्ता आहे, तिथे मात्र रात्री जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. दारूचा वास, आरडाओरडा, त्यात काही नाही. दिवसा त्या जुन्या भागात फिरू, लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या आणि फुलांच्या टोपल्या वहिनींना आवडतील. नाव फ्रेंच क्वार्टर, पण 1788 आणि 1794 च्या आगींत जळाल्यावर ते स्पॅनिश राजवटीत पुन्हा उभं राहिलं. तिथल्या काबिल्डो नावाच्या इमारतीत 1803 मध्ये लुइझियाना नावाचा हा सगळा मुलूख फ्रान्सकडून अमेरिकेच्या ताब्यात गेला, दीड कोटी डॉलरला. त्याच वर्षी आपल्याकडे असईची लढाई झाली, हे मला तिथे उभं असताना आठवलं.

खाण्याचं सांगतो, कारण तुझी माळ आहे आणि हे शहर मासे-मटणाचं. विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नकोस. भाजीच्या भांड्यातही सॉसेज असतं. त्यांचा गंबो म्हणजे घट्ट रस्सा. मैदा तेलात तासभर हलवत चॉकलेटी होईपर्यंत भाजतात, बेसनाच्या लाडवाला भाजतो तितक्याच निगुतीने. आणि गंबो हा शब्द भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आला! सोमवारी राजम्यासारखा घेवडा आणि भात, कारण सोमवार धुण्याचा, चुलीवर एक भांडं ठेवून दिलं की झालं. आपण घर भाड्याने घेऊ, हे दोन्ही ही तुझ्यासाठी बिनमांसाचं करणार आहे. बाहेर तुला कॉफी चालेल, चिकोरी घातलेली, अर्धी दुधाची. आणि बर्फाचा गोळा. तिथल्या यंत्रातून बर्फ इतका मऊ पडतो की कापूस वाटतो.

एक दिवस ट्रामसाठी ठेव. सेंट चार्ल्स लाइन 1835 पासून चालू आहे, हिरवे डबे शंभर वर्षांचे, लाकडी बाकं, भाडं मी गेलो तेव्हा सव्वा डॉलर. खिडकी वर सरकव आणि बस. ओकच्या फांद्यांना कार्निव्हलमधल्या मण्यांच्या माळा अडकलेल्या दिसतील, वर्षभर तशाच.

आणि एक गोष्ट, जी आपण दोघं तिथे गप्प राहून बघू. 2005 मध्ये कृष्णा आपल्या जिल्ह्यात शिरली होती, तू पोती वाहत होतास. त्याच वर्षी 29 ऑगस्टला कॅटरिनाच्या वादळात तिथले बांध फुटले आणि ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं. हजाराहून जास्त माणसं गेली. बचाव पथकं तपासलेल्या घरांवर रंगाने फुली मारायची, चार कप्प्यांत तारीख, कोण आलं, आत किती सापडले. काही घरांवर लोकांनी ती फुली अजून ठेवली आहे. घर रंगवलं, फुली सोडून. वाजवणारे देशभर पांगले होते, त्यातले कितीतरी परत आले आणि पुन्हा रस्त्यावर वाजवायला लागले.

यायचं केव्हा ते बोलू. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचा हंगाम, आणि तुला आषाढीच्या वारीला असायचंच आहे. मार्च उत्तम. 19 तारखेला संत जोसेफची रात्र असते, तेव्हा मण्यांचे आणि पिसांचे पोशाख घातलेल्या काळ्या लोकांच्या टोळ्या, 'मार्डी ग्रा इंडियन' म्हणतात त्यांना, बाहेर पडतात. वर्षभर हाताने एकेक मणी शिवून केलेले असतात ते. शक्य झालं तर त्याच आठवड्यात जाऊ.

पिंकीला सुट्टी मिळाली तर ठीक, नाहीतर आपण चौघं. मळखाऊ बूट आण. वहिनींना हलकी शाल. काकूंना आमचा नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

पखवाज विमानात कसा आणायचा त्याची चौकशी मी करून ठेवतो. खोळ काढली नाहीस तरी चालेल, नुसता आण. पखवाजाला लावायला कणीक इथे घरात आहे.

तुझा,
सुऱ्या