वनशास्त्रासाठी परदेशी जाण्याआधी एक उन्हाळा आपल्या जंगलात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिक्षणावरचे लेख आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. त्यांत संगणक, व्यवस्थापन आणि वैद्यक यांपलीकडे विषय सहसा जात नाही. मी रामबागेतली. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या थारांट या गावी वनव्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासाला गेले आणि सध्या प्रबंधाच्या कामासाठी इंदूरला आले आहे. गेल्या महिन्याभरात ओळखीच्या चार-पाच मुलामुलींनी 'आम्हीही जाऊ का?' असे विचारले. त्या सर्वांना जे सांगितले, ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

थारांटला वनशास्त्रज्ञ हाइनरिश कोट्टा यांनी आपली वनशाळा १८११ मध्ये आणली आणि १८१६ मध्ये ती सॅक्सनीच्या राजाची वनविद्यालय-संस्था झाली. आज ती ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठाचा भाग आहे. तिथून जवळच असलेल्या फ्रायबेर्गच्या चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा तिथल्या खाण-प्रशासनातील कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये 'जेवढे वाढेल तेवढेच तोडावे' हा हिशेब ग्रंथरूपाने मांडला. आपल्याकडे १८६४ मध्ये पहिले वन महानिरीक्षक म्हणून नेमले गेलेले डिट्रिश ब्रांडिस हेही जर्मनच होते, आणि १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा निघाली तीही त्यांच्याच प्रयत्नांतून. त्यामुळे आपल्या वनखात्यात आज ज्याला 'कार्य आयोजना' म्हणतात, म्हणजे जंगलाच्या तोडणी-लागवडीचा लेखी आराखडा, ती कल्पना तिथल्या वर्गात पहिल्यांदा ऐकताना मला परकी वाटली नाही. एखाद्या जंगलाचे शंभर-दीडशे वर्षांचे तोडणीचे आणि लागवडीचे टिपण समोर ठेवून पुढच्या पिढीचे नियोजन कसे करायचे, हे तिथे फार चांगले शिकवतात.

मात्र त्या टिपणांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही तिथेच कळले. २०१८ पासूनच्या सलग कोरड्या उन्हाळ्यांनी दुबळ्या झालेल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांवर सालीखाली अंडी घालणारा एक भुंगेरा तुटून पडला आणि डोंगरच्या डोंगर करडे पडले. सालीच्या आतल्या बाजूला त्याने कोरलेल्या रेघा छापील मजकुरासारख्या दिसतात, म्हणून जर्मन लोक त्याला 'पुस्तक छापणारा' म्हणतात. एकाच जातीची, एकाच वयाची लागवड सोयीची खरी. पण ती मरतेही एकदमच. आपल्या मध्यप्रदेशात १९९७-९८ च्या सुमारास मंडला-डिंडोरीकडे सालवृक्ष पोखरणाऱ्या किड्याने केलेला विध्वंस माझ्या वर्गातील कुणालाच ठाऊक नव्हता. तो मी सांगितला, आणि त्या दिवशी बोलण्याची पाळी माझी होती.

ती पाळी येऊ शकली, कारण जाण्याआधीचा एक मे महिना मी देवास जिल्ह्यात बागलीकडच्या एका तेंदूपत्त्याच्या फडावर, म्हणजे विडीची पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, घालवला होता. पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, हा हिशेब मी फडमुंशीच्या (फडावरच्या कारकुनाच्या) शेजारी जमिनीवर बसून शिकले. पहाटे चारला पाने तोडायला निघालेल्या बायका दुपारी झाडाच्या सावलीत गड्ड्या बांधत, आणि पान कोवळे किंवा भोकाचे निघाले की फडावर रोजची वादावादी होई. तिथल्याच एका आजींनी मोहाच्या झाडाखाली आग का लावतात ते दाखवले. वाळलेला पालापाचोळा जाळला की पहाटे गळलेली फुले स्वच्छ जमिनीवर दिसतात, वेचायला वेळ कमी लागतो. ही आग पसरते, सागाची कोवळी रोपे त्यात जातात, आणि खात्याच्या नोंदीत 'अज्ञात व्यक्तींनी लावलेली आग' एवढेच उरते. थारांटच्या वर्गात आगीचे गणित मांडताना या आजी मला सतत आठवत. तिकडच्या जंगलात लोक फिरायला जातात, अळंबी वेचतात. पण घरखर्चासाठी सहसा कुणी त्यावर अवलंबून नसते. आपल्याकडे हा एक फरक नजरेआड झाला, तर तिकडून आणलेले निम्मे शास्त्र कुचकामी ठरते.

एक गंमतही सांगते. आपल्याकडे झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात, तिकडे १.३० मीटरवर, आणि घेर नव्हे, व्यास. पहिल्याच प्रात्यक्षिकात मी सवयीने टेप वर धरून घेर लिहीत गेले आणि आमच्या गटाचे सगळे आकडे चुकले.

पैशाचे थोडक्यात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क घेत नाहीत. वनशास्त्र शिकवणारे दुसरे गाव फ्रायबुर्ग (वरचे फ्रायबेर्ग नव्हे) ज्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात आहे तिथे मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) आधी दाखवावे लागतात, म्हणजे अकरा लाखांहून अधिक रुपयांची सोय हवी. शिवाय भारतीय वनसेवेच्या परीक्षेला परदेशी पदवीची गरज नसते. केवळ त्या नोकरीवर डोळा असेल तर भोपाळची वनव्यवस्थापन संस्था किंवा डेहराडून हाताशी असताना एवढा खर्च का करायचा, याचा विचार पालकांनी जरूर करावा.

आता तक्रार. मोहाखालच्या आगीचा सागाच्या नैसर्गिक रोपांवर काय परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी वीस लहान भूखंड आखून रोपे मोजण्याची परवानगी मी वनखात्याकडे नोव्हेंबरमध्ये मागितली. अर्ज एका कार्यालयात साडेतीन महिने पडून राहिला, मग त्यावर 'विद्यापीठाचे मूळ पत्र जोडावे' असा शेरा आला, आणि मूळ पत्र टपालाने जर्मनीहून येईपर्यंत मोह गळून संपला होता. भूखंड आता पुढच्या वर्षी. कुणाचा वाईट हेतू होता असे मला म्हणायचे नाही. वनरक्षकापासून सर्वांनी मला आपुलकीने वागवले. पण जंगलातला मोसम टेबलावरच्या फाइलसाठी थांबत नसतो.

म्हणून वनखात्याला विनंती आहे की विद्यार्थ्यांच्या संशोधन-परवानगीचे अर्ज डिसेंबरअखेर निकालात काढावेत आणि लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी अर्जाच्या वेळीच हाती द्यावी. तसेच इंदूरच्या महाविद्यालयांनी वनस्पतिशास्त्राच्या मुलांना दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एक महिना चोरल, बागली किंवा बडवाहकडच्या एखाद्या बीटवर (वनरक्षकाच्या गस्तीच्या हद्दीत) वनरक्षकासोबत पाठवण्याची सोय करावी. यंदा कुणाला फडावर जायचे असेल, तर तेंदूची तोड अजून पंधरा दिवस चालेल.

आपली नम्र,
वनशास्त्राची एक विद्यार्थिनी
रामबाग, इंदूर