कॅमेरा हनुवटीवर लावा, हेल्मेटला भोक पाडू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा लागला की रविवारी सकाळी इंदूरजवळच्या सिमरोळच्या रस्त्याला मोटारसायकलींची रांग लागते. कुणी चोरलला, कुणी भेरू घाटात, लांबचं ठरलं तर ओंकारेश्वर. यातल्या बऱ्याच जणांकडे आता कॅमेरा असतो. तो जरूर असावा, पण हेल्मेटच्या टाळूवर तुऱ्यासारखा उभा केलेला पाहिला की काळजी वाटते.

हेल्मेटचं कवच गुळगुळीत असतं ते नुसतं दिसायला नाही. पडल्यावर डोकं रस्त्यावरून घसरत जावं, मानेला हिसका बसू नये, म्हणून. टाळूवरचा कॅमेरा नेमका तिथे अडकतो. वेगात हवा त्याला मागे ढकलत राहते आणि मान भरून येते, ते वेगळंच. त्याहून घातक म्हणजे काही दुकानांत हेल्मेटला ड्रिल मारून स्क्रूने कॅमेरा अडकवायचा बेस बसवून देतात. भोक पडलेलं कवच आघात नीट पसरवू शकत नाही, आणि स्क्रूचं टोक आतल्या थर्माकोलमधून थेट डोक्याकडे रोखलेलं असतं. आयएसआयचा शिक्का असला तरी असं हेल्मेट बाद समजावं. दुकानदारांनी हे काम घेऊच नये, ही कळकळीची विनंती.

फुल-फेस हेल्मेटची हनुवटी ही त्यातल्या त्यात सर्वांत चांगली जागा. कॅमेरा डोळ्यांजवळ राहतो, वारा कमी लागतो, आणि तुम्ही पाहता तेच चित्रित होतं. बेस दुहेरी चिकटपट्टीचाच हवा, म्हणजे जोराचा आघात बसला की तो सुटून पडण्याची शक्यता राहते. आपल्या हेल्मेटच्या हनुवटीच्या आकाराचा बेस मिळतो का ते आधी पाहा. सपाट बेस वळणावर चिकटत नाही, कडेने उचलला जातो. मॅट रंगावरही पकड कमी बसते. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, त्याने पॉलिकार्बोनेट, म्हणजे कवचाचं प्लास्टिक, आतून कमजोर होतं. पॉलिशचा अंश राहिला तर पट्टी पहिल्याच खड्ड्यात सुटेल. अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा आणि किमान २४ तास, जमल्यास ७२ तास कॅमेरा लावू नका. मग काच पूर्ण वर जाते का, पट्टा नीट बांधता येतो का, हनुवटी उघडणारं हेल्मेट असेल तर त्याचा खटका अडत नाही ना, हे तपासा. बारीक तंगुसाने कॅमेरा बांधून ठेवा, म्हणजे पट्टी सुटली तर तो मागच्या गाडीखाली जाणार नाही. मात्र अपघातात कॅमेरा अडकलाच तर तंगूस तुटेल इतकाच बारीक हवा.

कोन ठरवायची सोपी रीत अशी: गाडी भिंतीपासून दहाएक फुटांवर उभी करा, नेहमीसारखे बसा, डोळ्यांच्या उंचीला भिंतीवर खडूने रेघ मारा. ती रेघ चित्राच्या मधोमध यायला हवी. हाताने धरून ठरवलेला कोन हमखास खाली झुकतो आणि तासभर फक्त पेट्रोलची टाकी दिसते.

हँडलवर लावायचाच असेल तर कंपनाचा विचार करा. सेन्सर चित्र एकेक ओळीने वाचतो. शेवटची ओळ वाचेपर्यंत कॅमेरा हललेला असतो, म्हणून सगळं जेलीसारखं थरथरतं. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण हा दोष पुरता काढू शकत नाही. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी घाला आणि दांडी शक्य तितकी आखूड ठेवा. प्रत्येक सांधा कंपन वाढवतो. हँडलची जाडी मोजूनच क्लॅम्प घ्या: मुठीजवळ बहुधा २२ मिलिमीटर, जाड हँडल मध्यभागी २८ मिलिमीटर. महागडा मोबाइल मात्र हँडलवर नको. मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्थिरीकरण आणि फोकस बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला आहे.

कॅमेरा निवडताना वजन १६० ग्रॅमच्या आत असावं. कार्ड व्ही-३० दर्जाचं, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहू शकणारं घ्या. सेकंदाला ६० मेगाबिट वेगाने चित्रण केलं तर तासाला २७ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड जेमतेम सव्वादोन तास पुरतं. राजवाड्याच्या बाजूला रात्री चित्रण करणार असाल तर सेटिंग आपल्या विजेइतकं, ५० हर्ट्झचं ठेवा, नाहीतर दिवे लुकलुकतात. मे महिन्यात सिग्नलला थांबल्यावर हवा लागत नाही आणि कॅमेरा तापून बंद पडतो. तिथे तो आपणच बंद करावा. बटणं चालत्या गाडीवर चाचपू नका.

अपघाताचा पुरावा म्हणून कॅमेरा घेत असाल तर तारीख-वेळ दर प्रवासाआधी तपासा. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की तारीख-वेळ बिघडते. काही घडलं तर कार्ड लगेच काढून ठेवा, फाइल कापू-जोडू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलवरून गणिताने काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) नोंदवावं लागतं. एक सेकंदही कापला तरी ते मूल्य बदलतं.

— एक वाचक, इंदूर